फेरतपासणी

माझं काम माणसांवर अविश्वास दाखवण्याचं. ते मी मनापासून करतो, आणि माझ्या स्वभावाला ते शोभतं असं ताई म्हणते.

आमच्या शहरात म्हातारपणी किती जणांना स्मृतिभ्रंश जडतो आणि त्यातल्या किती जणांचा तो कोणालाच कळलेला नसतो, हे मोजायची एक पाहणी सुरू होती. दवाखान्यात येतात ते मोजणं सोपं. जे येतच नाहीत, ज्यांच्याबद्दल घरचे ‘वय झालं आता’ म्हणून विषय संपवतात, ते मोजायचे तर घरोघरी जाऊन बसावं लागतं. पाहणीवाल्या बायका म्हाताऱ्या माणसासमोर बसून गप्पा मारतात, आजची तारीख विचारतात आणि तीन शब्द सांगतात. कात्री, लिंबू, पायरी. माणसाने ते तिथल्या तिथे म्हणून दाखवायचे. मग जरा इकडचं तिकडचं करायचं. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत चला, हा कागद दुमडून मांडीवर ठेवा. आणि मग सहज विचारायचं, मघाचे शब्द कोणते हो?

त्याआधी किंवा नंतर घरातल्या कोणाला तरी बाजूला घ्यायचं आणि खरं काय ते काढून घ्यायचं. हे जास्त अवघड. ‘आमचे बाबा अजून तल्लख आहेत,’ असं सून स्वयंपाकघरात ठासून सांगते, आणि बाहेरून बाबा पुन्हा एकदा विचारतात, कोण आलंय? एका घरात तर पडद्याआडून बायको नवऱ्याला दोन बोटं कात्रीसारखी हलवून दाखवत होती. नवरा तिच्याकडे बघून म्हणाला, ससा.

माझं काम या सगळ्यानंतरचं. काही घरं निवडून तिथे परत जायचं आणि तेच सगळं पुन्हा विचारायचं. काही बायका चहाच्या टपरीवर बसूनच उत्तरं लिहून मोकळ्या होतात, त्यांना पकडायला ही फेरतपासणी. खोटं काम पटकन ओळखू येतं. खऱ्या म्हाताऱ्यांची उत्तरं इतकी नीटनेटकी नसतात.

ताईचं काम मात्र कधीच खोटं निघालं नव्हतं. सख्ख्या बहिणीचं काम भावाने तपासू नये असा नियम होता, पण माणसं कमी आणि शहर मोठं, त्यामुळे तो नियम कागदावरच राहिला. ताई या नोकरीत आली ती आईमुळे. आईचं दुखणं आमच्याही ध्यानात फार उशिरा आलं. आलं तेव्हा डॉक्टरांनी हात वर केले. आता आई आम्हा दोघांना ओळखत नाही. ताई तिच्या लेखी दवाखान्यातली बाई आहे आणि मी पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. ‘झाला का हो पंखा?’ असं ती मला दिवसभर विचारते. अहो-जाहो करते. मी म्हणतो, होतोय बाई, होतोय. पहिल्यांदा मी हे गमतीने म्हणालो होतो. आता ते म्हणताना मी खरंच एकदा पंख्याकडे बघतो.

ताईला या जगात एकच गोष्ट हवी होती. आईने तिला एकदा ओळखावं. लग्न केलं नाही, गावं बदलली नाहीत, सगळं आयुष्य आईच्या आगेमागे काढलं, आणि आई तिला म्हणायची, तुमची ड्यूटी संपली की जा हो घरी, तुमची आई वाट बघत असेल.

मग पाहणीसाठी तिच्या वाट्याला छापखान्याची वसाहत आली. छापखाना केव्हाच बंद पडलेला, पण कामगारांच्या दोन-दोन खोल्यांच्या चाळी तशाच उभ्या होत्या. बाहेरून लोखंडी जिने, समोर लांबलचक सज्जे, आणि प्रत्येक दारात खुर्ची टाकून बसलेलं एक म्हातारं माणूस. अशा पाहणीला याहून चांगली जागा मिळणार नाही असं मला वाटलं होतं.

पहिलं घर एका बाइंडरचं होतं. ताईच्या तपासणीत त्यांना पैकीच्या पैकी गुण. मी गेलो तर तारीख बरोबर, घड्याळ बरोबर, तिन्ही शब्द बरोबर. मग मी त्यांच्या हातात कागद दिला आणि दुमडायला सांगितलं. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. मग दोन्ही हातांनी त्याचा बोळा केला आणि माझ्याकडे बघत राहिले. या माणसाने जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं, छापून आलेला कागद घड्या घालून पुस्तकाच्या आकाराचा करायचा, एवढंच.

त्यांची बायको मला सोडायला जिन्यापर्यंत आली. ‘त्या ताई येऊन गेल्या ना, त्या दिवसापासून हे असं. वर्तमानपत्राची घडी येत नाही त्यांना. बाकी सगळं येतं हो. तेवढंच नेमकं गेलं.’

लोकांना दोष द्यायला कोणीतरी लागतं. मी मान हलवून उतरलो.

संध्याकाळी घरी आलो तर आईच्या पलंगावर वर्तमानपत्रांची चवड होती. प्रत्येक पान एकदा, दोनदा, तीनदा, चारदा दुमडलेलं, कडेला कड चिकटवलेली, घडीवरून नखाने रेघ ओढलेली. आई पुढचं पान घेत होती. हात भराभर चालत होते. ज्या हातांना भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेता येत नव्हता तेच हे हात.

‘तू शिकवलंस?’ मी ताईला विचारलं.

‘हो, बसल्या बसल्या काहीतरी,’ ताई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

त्यानंतर वसाहतीतल्याच एका बाईंकडे गेलो. त्यांच्याकडे पिंजऱ्यात पोपट होता आणि तो उपाशी बसला होता. बाई शीळ घालायच्या तेव्हाच तो खायचा, आणि बाईंना आता शीळ घालता येत नव्हती. ओठांचा चंबू करून त्या नुसतीच हवा सोडत होत्या आणि पोपट मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. घरी आलो तेव्हा आई खिडकीत उभी राहून शीळ घालत होती. आम्ही लहानपणी घरात शीळ घातली की पाठीत धपाटा घालणारी माझी आई. एक लांब सूर, एक आखूड, मग थांबायची, कान देऊन ऐकायची, आणि पुन्हा.

पाहणीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. ‘छापखान्याच्या वसाहतीत तुमचे आणि बहिणीचे गुण जुळत नाहीत. घरोघरी थोडाथोडा फरक. ती घरी बसून लिहीत नाही ना?’

मी म्हणालो, ती तशी नाही. बाई म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या बहिणी तशा नसतात.’

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी सज्ज्यात बसून तोंडाला साबण लावला होता. आई आतून आली आणि माझ्या हातातलं रेझर काढून घेतलं. उलटसुलट बघितलं आणि नाक मुरडून कठड्यावर ठेवलं. मग आत जाऊन ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली ती बाबांचा वस्तरा घेऊन. माझ्या कमरेचा पट्टा सोडवला, एक टोक माझ्या मुठीत दिलं, दुसरं ताणून धरलं आणि वस्तरा त्यावर वरखाली घासला. अंगठ्याच्या कडेवर धार तपासून बघितली.

‘मान वर, साहेब,’ ती म्हणाली.

मी उठायला हवं होतं. पण तिने माझं नाक दोन बोटांत धरून तोंड वर केलं होतं आणि पातं गळ्यावर टेकलं होतं. पेल्यातलं पाणी सांडणारा तो हात जरासुद्धा थरथरत नव्हता. कर्रकर्र आवाज येत होता. साबणाचा वास, तिच्या अंगाचा वास, आणि कानाशी तिचं बोलणं.

‘बायको माहेरी गेलीय वाटतं? दाढीवरून कळतं हो. हलू नका. गेल्या वेळी मॅनेजरसाहेब असेच हलले, आणि मग ऑफिसात आठवडाभर मफलर गुंडाळून बसले.’ ती स्वतःशीच हसली. कानाखाली तिने हात उलटा घेतला आणि खालून वर एकच झटका दिला. मग गालावर दोन थापा मारल्या. ‘चला, पुढचं गिऱ्हाईक.’

मी डोळे उघडले तेव्हा ती वस्तरा हातात धरून त्याच्याकडे बघत होती, हे काय आहे ते न कळल्यासारखी. मी तो हळूच काढून घेतला. ‘झाला का हो पंखा?’ तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत नसतानाही मी वसाहतीत गेलो. कुठे जायचं ते मला विचारावं लागलं नाही. तळमजल्यावर एक सलून होतं, बंद. शेजारच्या खोलीत सलूनवाले आजोबा खाटेवर बसले होते. उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या. मुलगा म्हणाला, पात्याकडून धरला वस्तरा. आयुष्यभर धरला तो मुठीकडून, आणि आता परवा पात्याकडून. टाके घालावे लागले.

आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते. ‘जरा जवळ या,’ ते म्हणाले. पट्ट्या बांधलेली बोटं त्यांनी माझ्या गालावरून फिरवली, कानाखाली आणून थांबवली. त्यांचे डोळे भरून आले.

‘कशी करतात ते मला आता आठवत नाही,’ ते म्हणाले. ‘पण ही दाढी मी केलीय.’

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी दार लावून घेतलं.

‘तुला कधीपासून ठाऊक आहे?’

तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. ‘घड्या घालायला लागली तेव्हापासून.’

‘काय करतेस तू त्या लोकांना?’

‘काही नाही रे, धाकट्या. शपथ घेऊन सांगते. शब्द सांगते, थांबते, परत विचारते. तू करतोस तेच. घरी येते, हातपाय धुते आणि तिच्याजवळ बसते.’

‘मग बसू नकोस तिच्याजवळ.’

‘ती काल जेवताना हसली,’ ताई म्हणाली.

‘ताई, त्या माणसाच्या बोटांना टाके पडलेत.’

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती रडायला लागली, आवाज न करता, लहानपणी रडायची तशी. ‘मला माहितीय हे पाप आहे. मी सोडते ही नोकरी. पण तिला शीळ आली, दाढी करता आली, तर मी का नाही येणार? मी कुठेतरी असेनच ना कोणाच्या तरी डोक्यात? एकदाच हाक मारू दे तिने. मग मी सगळं सोडते.’

मग तिने सांगितलं. वसाहतीच्या टोकाच्या घरात आमच्या जुन्या शेजारच्या काकू राहत होत्या. आम्ही लहान असताना भिंतीला भिंत लागून घर होतं त्यांचं. त्यांना आम्ही दोघं चांगले आठवत होतो. ताई सकाळीच त्यांच्याकडे जाऊन आली होती. आईजवळ बसूनही झालं होतं.

मला तिचा राग आला. आणि खरं सांगतो, त्याच वेळी माझे पाय आईच्या खोलीकडे वळलेही होते.

आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांनी तिच्या डोळ्यांत आमच्यासाठी काहीतरी होतं. ‘अगं बाई! केवढी मोठी झालात!’

ताईने माझा दंड घट्ट धरला.

‘शेजारची ती दोन कार्टी ना तुम्ही?’ आई म्हणाली. ‘माझ्या कुंड्या फोडायचात. आणि हा तर माझ्या मांजरीच्या शेपटीला डबा बांधायचा.’ ती खूप हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘तुमची आई कशी आहे रे? फार ओरडायची तुम्हाला. पण जीव होता हो तिचा.’

ताई खाली बसली. मी आईला सांगितलं, बरी आहे.

त्यानंतर ताई वसाहतीत गेली नाही. काकूंकडे मीच एकदा जाऊन आलो. सगळं ठीक होतं, फक्त आपल्या शेजारी कधी कोणी राहत होतं हे त्यांना पटत नव्हतं. घरी आई रोज आम्हाला आमच्या आईची खुशाली विचारायची आणि ताई रोज थोडी थोडी वाळत चालली होती. जेवण गेलं, झोप गेली. एका सकाळी ती माझ्यापुढे येऊन बसली.

‘तिला आई म्हणून ओळखणारी माणसं जगात दोनच आहेत,’ ती म्हणाली. ‘तू आणि मी. माझी तपासणी घे.’

मी नाही म्हणालो. ओरडलो, वाटेल ते बोललो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच. ‘मला नाही आठवली तरी चालेल. मी तिच्याच घरात राहणार आहे ना. तू सांग मला रोज, ही आपली आई म्हणून. पण तिला कळू दे.’ असे किती दिवस गेले कोण जाणे. शेवटी मी हो म्हणालो. मी हेच शब्द शेकडो लोकांना विचारले होते आणि कोणाचं काही गेलं नव्हतं. माझ्या हातून काही व्हायचं नाही अशी माझी खात्री होती. ताईचं समाधान होईल आणि विषय संपेल, एवढंच मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसलो. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. ती झोपली होती. बाहेर चांगलं ऊन होतं, कोणीतरी गादी झटकत होतं.

‘कात्री, लिंबू, पायरी,’ मी म्हणालो.

‘कात्री, लिंबू, पायरी.’

‘घड्याळ काढ.’

तिने घड्याळ काढलं. सुबक, सगळे आकडे जागच्या जागी. मग मी तिला कागद दुमडायला लावला. मग काही न बोलता बसलो. गादी झटकल्याचा आवाज थांबला. आत पलंग करकरला.

‘मघाचे शब्द?’

‘कात्री, लिंबू, पायरी,’ ताई म्हणाली आणि हसली. ‘झालं? नापास नाही ना?’

मी सुटकेचा श्वास सोडला. मी पण हसलो.

ताईने आतल्या खोलीकडे बघितलं. मग माझ्याकडे, जरा ओशाळून. ‘या आजी कोण रे?’ तिने हळू आवाजात विचारलं. ‘आपण कोणाच्या घरी आलोय?’

आई दारात आली होती. चौकट धरून, टाचा उचलून उभी होती. ती अशी कधीच उभी राहत नसे. तिने मला बघितलं.

‘धाकट्या!’

मी उठलो, तिच्या गळ्यात पडलो आणि लहान मुलासारखा रडलो. ‘आई,’ मी म्हणालो. ‘आई, आई.’

तिने मला ढकललं. ‘वेडा कुठला. ताईला आई म्हणतोय.’

मला धाकट्या फक्त ताई म्हणते. आई मला नावाने हाक मारायची.

आईने माझ्या खांद्यावरून खोलीत नजर फिरवली. ताईवरून ती नजर तशीच पुढे गेली, खुर्चीवरून जावी तशी. मग तिने स्वयंपाकघरात डोकावलं. न्हाणीघराचं दार उघडून बघितलं. पडदा बाजूला केला. तिची पावलं हलकी पडत होती आणि श्वास जोरात चालला होता.

‘आई कुठे गेली रे?’

मी तिच्या मागोमाग पडद्यापर्यंत गेलो.

‘सांग ना. इथेच होती. शाळेतून आलं की दारातच असते ती.’ तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. ‘मी काही केलं का? रागावून गेली का?’

‘कोणी हरवलंय का यांचं?’ ताईने मला विचारलं. तिचा तो कामावरचा आवाज होता, मऊ, समजुतीचा. ‘आजी, बसा जरा. पाणी देऊ का?’

आई तिच्यापासून अंग चोरून माझ्यामागे लपली. तिने माझा सदरा मुठीत धरला. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईचं रडणं मला सहन होईना. दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून मी तिला आतल्या कपाटाच्या आरशासमोर नेऊन उभं केलं.

तिने आरशात बघितलं. सुरकुतलेला चेहरा, पांढरे मोकळे केस. रडणं थांबलं. तिने नाक पुसलं.

‘कुठे गेली होतीस?’ ती आरशाला म्हणाली.

मग ती फणी घेऊन आली, आरशाकडे पाठ करून जमिनीवर मांडी घालून बसली, आणि खांद्यावरून फणी मागे धरली. मी ती घ्यायला वाकलो. माझा हात पोचायच्या आधीच तिने ती सोडली. फणी खाली पडल्याचा आवाज आला नाही.

मी तिथेच उभा राहिलो. तिचं डोकं एकदा मागे गेलं, मग पुन्हा, लहान लहान हिसक्यांनी.

‘आई, हळू ना,’ ती डोळे मिटून म्हणाली. ‘ओढतंय.’